मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर जुळत नाही : चुकीच्या आकड्यावरून चूक ओळखणे

दोन दूरच्या विमानतळांमधील हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढण्याचे प्रात्यक्षिक मी दरवर्षी भूगोलाच्या वर्गात घेते, आणि दरवर्षी त्याच तक्रारी माझ्यासमोर येतात. सूत्र पुस्तकातल्याप्रमाणेच भरले, स्प्रेडशीटने कोणतीही चूक दाखवली नाही, तरीही उत्तर छापील अंतराशी जुळत नाही, असे विद्यार्थी सांगतात. प्रवासाचा हिशेब किंवा विमानप्रवासातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज मांडणारे परिचितही हीच अडचण घेऊन येतात. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले आहे की चुकलेली उत्तरे वाटेल तशी येत नाहीत. तेच पाच-सहा आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक आकड्यामागे एकच ठरलेली चूक असते. त्यामुळे सूत्र पुसून पुन्हा लिहीत बसण्याऐवजी चुकीच्या आकड्याकडे नीट पाहावे, असे मी सुचवते. त्यासाठी एक जोडी पक्की धरू या : मुंबई आणि न्यूयॉर्क.

बरोबर उत्तर कसे येते

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ १९.०८८७ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८६७९ अंश पूर्व रेखांशावर धरावा. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ४०.६३९८ अंश उत्तर आणि ७३.७७८९ अंश पश्चिम धरावा. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानला, तर दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे केंद्र हाच ज्याचा केंद्रबिंदू आहे अशा वर्तुळावरून, जातो. पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन ‘क’ पुढील सूत्राने मिळतो :

कोसाइन(क) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(र२ − र१)

यात अ१ आणि अ२ हे अक्षांश असून र१ आणि र२ हे रेखांश आहेत. पश्चिम रेखांश ऋण धरायचा असल्यामुळे रेखांशांतील फरक १४६.६४६८ अंश होतो. पहिला गुणाकार ०.२१३० येतो, दुसरा उणे ०.५९९० येतो आणि बेरीज उणे ०.३८६० होते. हा कोसाइन असलेला कोन सुमारे ११२.७०५ अंशांचा, म्हणजे १.९६७१ रेडियनचा आहे (रेडियन हे कोन मोजण्याचे दुसरे एकक; १८० अंश म्हणजे पाय, अर्थात सुमारे ३.१४१६, रेडियन). त्याला ६,३७१ ने गुणले की सुमारे १२,५३२ किलोमीटर हे उत्तर मिळते. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये हीच जोडी भरून पाहावी आणि जे उत्तर येईल ते पुढील आकड्यांशी ताडून पाहावे. पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून अर्ध्या परिघापेक्षा, म्हणजे सुमारे २०,०१५ किलोमीटरपेक्षा, अधिक दूर असू शकत नाहीत. त्याहून मोठे उत्तर आले, तर बहुधा अंशांतील कोनालाच त्रिज्येने गुणले गेले आहे.

उत्तर ६,२५८ आले असेल तर

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि माझ्या मते सर्वांत धोकादायकही आहे. एक्सेल, गूगल शीट्स आणि बहुतेक संगणकीय भाषांमधील साइन व कोसाइन ही फंक्शने कोन रेडियनमध्ये आहे असे गृहीत धरतात. आपण १९.०८८७ असे अंश थेट भरले, तर संगणक ते १९.०८८७ रेडियन समजतो आणि कोणतीही तक्रार न करता उत्तर देतो. मुंबई-न्यूयॉर्कसाठी ते उत्तर सुमारे ६,२५८ किलोमीटर येते. हा आकडा दिसायला अगदी समंजस असतो. त्यातच तो योगायोगाने खऱ्या अंतराच्या जवळजवळ निम्मा असल्यामुळे कुठे तरी दोनने गुणायचे राहिले असावे, असे वाटते. आणि विद्यार्थी खरोखरच दोनने गुणून ‘दुरुस्त’ केलेले उत्तर आणतात. ते १२,५१६ होते आणि छापील अंतराच्या इतके जवळ असते की तपासणाराही फसतो. हीच चुकीची दुरुस्ती मुंबई-लंडनसाठी वापरली की सगळे कोसळते.

हा विषय शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी स्वतः ६,२५८ हा आकडा फळ्यावर लिहिला होता. वर्गातल्या एका मुलीने टेबलावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजला आणि तो आकडा बरोबर असू शकत नाही हे दाखवून दिले. तेव्हापासून दोरा आणि पृथ्वीगोल मी प्रात्यक्षिकाचा भागच केला आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. मुंबई ते न्यूयॉर्क ताणलेला दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. ६,२५८ हे उत्तर बरोबर असते, तर तो पंधरा सेंटिमीटरही भरला नसता.

उपाय सोपा आहे. प्रत्येक अक्षांश आणि रेखांश सूत्रात जाण्यापूर्वी ‘रेडियन्स’ या फंक्शनमधून न्यावा, किंवा पायने गुणून १८० ने भागावा. शेवटी मिळणारा कोन रेडियनमध्येच असतो आणि त्रिज्येने गुणण्यासाठी तो तसाच हवा असतो, म्हणून त्याचे पुन्हा अंश करू नयेत. चार कोनांपैकी तीनच बदलले आणि एक तसाच राहिला, असेही घडते. अशा वेळी उत्तर ६,२५८ येणार नाही, वेगळेच काही येईल. म्हणून रूपांतराचे चार वेगळे स्तंभ करावेत आणि सूत्रात केवळ त्यांचाच उल्लेख करावा.

उत्तर २,३९८ आले असेल तर

न्यूयॉर्कचा रेखांश पश्चिम आहे, म्हणून तो ऋण चिन्हासह भरायला हवा. ते चिन्ह राहिले, तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांतील फरक एका अंशाहूनही कमी होतो, कारण ७२.८६७९ आणि ७३.७७८९ हे आकडे जवळपास सारखे आहेत. मुंबई शून्य रेखांशाच्या पूर्वेकडे जितक्या अंशांवर आहे, साधारण तितक्याच अंशांवर न्यूयॉर्क पश्चिमेकडे आहे. चिन्ह विसरले की संगणक न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, फरगाना खोऱ्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात शोधतो आणि अंतर सुमारे २,३९८ किलोमीटर सांगतो. त्याच कारणाने ही जोडी चाचणीसाठी उत्तम आहे : चिन्हाची चूक तिच्यात लपूच शकत नाही. दक्षिण गोलार्धातील सिडनी, जोहान्सबर्ग किंवा साओ पाउलो यांच्या अक्षांशांनाही हाच नियम लागू पडतो.

एक बारीक गोष्ट येथेच सांगते. काही याद्यांमध्ये आकड्यापुढे ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ हे अक्षर त्याच सेलमध्ये असते. असा सेल संगणक संख्या मानत नाही, मजकूर मानतो. त्यामुळे सूत्र अडते किंवा ते अक्षर घाईने काढून टाकताना ऋण चिन्ह द्यायचे राहून जाते. दिशेचे अक्षर वेगळ्या स्तंभात नेऊन त्यावरून चिन्ह ठरवावे.

उत्तर १६,३७४ किंवा त्याच्या आसपास आले असेल तर

अक्षांश आणि रेखांश यांच्या जागा बदललेल्या असतात. आपल्याकडे आधी अक्षांश व मग रेखांश सांगण्याची सवय आहे, पण नकाशांच्या अनेक संगणकीय फायलींमध्ये आधी रेखांश लिहिलेला असतो. दोन्ही ठिकाणांच्या जागा बदलल्या, तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला जाते, न्यूयॉर्क अंटार्क्टिकावर जाते आणि अंतर सुमारे १६,३७४ किलोमीटर येते. ९० पेक्षा मोठा अक्षांश अस्तित्वात नसतो, त्यामुळे टोकियो किंवा सिंगापूरसारख्या ठिकाणी ही चूक लगेच उघडी पडते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांचे रेखांश मात्र ९० च्या आत असल्यामुळे येथे ती आपोआप उघडी पडत नाही.

उत्तर साडेसोळा हजारांच्या घरात असेल, तर दुसरेही एक कारण संभवते. अक्षांश आणि रेखांश यांतील फरकांवर पायथागोरसचा सिद्धांत लावून आलेल्या अंशांना १११ ने गुणले, की १६,४५० च्या आसपासचा आकडा येतो. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर हे अक्षांशासाठी ठीक आहे. रेखांशातील एका अंशाचे अंतर मात्र ध्रुवांकडे जाताना आक्रसत जाते आणि ६० अंशांवर ते निम्मे होते. हा सोपा मार्ग पुणे-नाशिकसारख्या अंतरांसाठी थोड्या दुरुस्तीसह चालतो, खंड ओलांडताना तो मुळीच चालत नाही.

उत्तर ७,४८३ आले असेल तर

ही चूक हॅवरसाइन हे बृहद्वृत्तीय अंतर काढण्याचे दुसरे सूत्र वापरणाऱ्यांकडून होते. ते सूत्र चांगले आहे, कारण अगदी जवळच्या ठिकाणांसाठीही ते अचूक राहते. त्याच्या शेवटच्या पायरीत ‘एटॅन-टू’ हे दोन संख्यांवरून कोन काढणारे फंक्शन वापरतात आणि खरी अडचण तेथे आहे. पायथनसारख्या भाषांमध्ये या फंक्शनला आधी ‘वाय’ आणि मग ‘एक्स’ द्यावा लागतो, तर एक्सेल व गूगल शीट्समध्ये आधी ‘एक्स’ आणि मग ‘वाय’ द्यावा लागतो. एका ठिकाणचे सूत्र दुसऱ्या ठिकाणी तसेच उतरवले, की मिळणारा कोन १८० अंशांतून वजा झालेला असतो. आपल्या जोडीसाठी ११२.७०५ ऐवजी ६७.२९५ अंश येतात आणि अंतर ७,४८३ किलोमीटर होते. खूण अशी की चुकीचे आणि बरोबर उत्तर यांची बेरीज नेहमी २०,०१५ भरते. दोन पदांची अदलाबदल करावी, किंवा एटॅन-टू टाळून आर्कसाइनचे रूप वापरावे.

हा आकडा ७,७८७ शी गोंधळात टाकू नये. ७,७८७ हे उत्तर चुकीचे नाही. ते साध्या मैलांत आहे. ६,७६७ आले असेल, तर ते नॉटिकल मैलांत आहे. वैमानिक आणि हवाई नकाशे नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि एक साधा मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. मराठीत आपण दोन्हींना नुसते ‘मैल’ म्हणतो, म्हणून स्तंभाच्या शीर्षकात पूर्ण नाव लिहिण्याचा माझा आग्रह असतो.

नकाशावर पट्टी ठेवून १४,२०५ आले असेल तर

भिंतीवरील जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. गेरहार्ड मर्केटर यांनी १५६९ मध्ये ही पद्धत नौकानयनासाठी मांडली आणि तिच्यावरील सरळ रेषा म्हणजे सतत एकाच दिशेने जाणारा मार्ग असतो. तो मार्ग सरळ दिसत असला तरी सर्वांत जवळचा नसतो. मुंबईहून न्यूयॉर्ककडे अशी रेषा ओढली, तर ती अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को यांवरून अटलांटिकमध्ये उतरते आणि तिची लांबी सुमारे १४,२०५ किलोमीटर भरते. बृहद्वृत्त मुंबईहून वायव्येला, खरे तर उत्तरेकडेच अधिक कललेले, निघते. सिंध आणि बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशिया, दक्षिण फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे असे जात ते फॅरो बेटे आणि आइसलँड यांच्या दरम्यान सुमारे ६४.७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचते. तेथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून ते कॅनडात शिरते आणि न्यूयॉर्कला उतरते. पट्टीच्या रेषेपेक्षा हा मार्ग १,६७० किलोमीटरहून अधिक जवळचा आहे. विद्यार्थ्यांना हे सूत्राने पटत नाही, दोरा ताणल्यावर पटते.

उत्तर बरोबर दिसते, तरीही चूक आहे

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त सतावले तिच्याविषयी लिहिते. हवाई वाहतुकीच्या अधिकृत पुस्तिकांमध्ये विमानतळांचे स्थान अंश, मिनिटे आणि सेकंद यांत दिलेले असते. मुंबई तेथे १९ अंश ५ मिनिटे आणि ७२ अंश ५२ मिनिटे अशी असते. न्यूयॉर्क ४० अंश ३८ मिनिटे आणि ७३ अंश ४६ मिनिटे असे असते. घाईत हे आकडे १९.०५, ७२.५२, ४०.३८ आणि ७३.४६ असे भरले जातात, जणू मिनिटे म्हणजे दशांश स्थळे. प्रत्यक्षात मिनिटांना ६० ने भागावे लागते, म्हणजे ७२ अंश ५२ मिनिटे हे ७२.८७ होतात, ७२.५२ होत नाहीत. या चुकीने मुंबईचा विमानतळ किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात जातो.

एवढे होऊनही मुंबई-न्यूयॉर्कचे उत्तर सुमारे १२,५२८ किलोमीटर येते, म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा अवघे चार-पाच किलोमीटर कमी! दोन टोकांवरील चुका एकमेकींना जवळपास खोडून काढतात आणि पुढे कोणीही शंका घेत नाही. मग त्याच तक्त्यातून इतर जोड्या काढल्या, की तीस-चाळीस किलोमीटरचे फरक इकडेतिकडे उगवतात आणि कारण सापडत नाही.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे एका लांब जोडीबरोबर एक जवळची जोडीही तपासणे. मुंबई ते पुणे विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. मिनिटांची वरील चूक असेल, तर ते १३३ च्या आसपास येते आणि सात टक्क्यांचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. लांब जोडी चिन्हाच्या आणि रेडियनच्या चुका पकडते, जवळची जोडी मिनिटांच्या चुका पकडते. जवळची जोडी तपासताना कोसाइनच्या सूत्राने कधी कधी अडचण येते : दोन्ही ठिकाणे एकच असतील, तर आकडेमोडीतील सूक्ष्म फरकामुळे कोसाइन एकापेक्षा किंचित मोठा होतो आणि सेलमध्ये उत्तराऐवजी त्रुटी दिसते. तेथे हॅवरसाइन वापरावे.

गणित बरोबर, पण विमान जास्त उडाले

विमानाचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तेच उड्डाण आपल्या उत्तरापेक्षा शेकडो किलोमीटर जास्त उडालेले दिसले, की विद्यार्थ्यांना आपले गणित चुकले असे वाटते. गणित चुकलेले नसते. दोन वेगळ्या राशींची तुलना झालेली असते. बृहद्वृत्तीय अंतर ही भूमितीतील लांबी आहे, तर उडालेले अंतर हे परवानग्या, वारे आणि सुरक्षितता यांनी ठरते. आपल्या रेषेवरचा पहिलाच परदेश पाकिस्तान आहे आणि २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्या हद्दीवर निर्बंध होते. रेषेचा पुढचा मोठा भाग रशियावरून जातो, आणि फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय व अमेरिकी कंपन्यांना तो मार्ग बंद झाला. अशा वळशांचा हिशेब आपल्या सूत्रात कोठेही नसतो.

वाऱ्याचे उदाहरण मला अधिक आवडते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे उड्डाण पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर कापले आणि तरीही ते सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह पाठीशी होता. म्हणून उत्सर्जनाचा किंवा इंधनाचा हिशेब करायचा असेल, तर बृहद्वृत्तीय अंतर हा खालचा पाया समजावा आणि तसे स्पष्ट लिहावे. उड्डाणाचा वेळ गुणिले वेग असे करून अंतर काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्यात वाराच मोजला जातो.

शेवटी उरणारा लहान फरक

वरील सर्व तपासल्यावरही छापील आकड्यापेक्षा काही किलोमीटर किंवा काही दशक किलोमीटर फरक राहतो आणि तो राहणारच. पृथ्वी पूर्ण गोल नाही : विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आहे, ध्रुवाकडे ६,३५६.७५२ किलोमीटर. सरासरी त्रिज्येऐवजी विषुववृत्तीय त्रिज्या वापरली, तर आपले उत्तर १२,५४६ होते. गोल मानून काढलेले अंतर सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते. याहून अचूकता हवी असेल, तर थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिलेली पद्धत वापरतात; पृथ्वीवर जवळपास परस्परविरुद्ध असलेल्या बिंदूंसाठी मात्र ती अडखळते, आणि तेथे चार्ल्स कार्नी यांची २०१३ मधील पद्धत वापरावी. शालेय प्रात्यक्षिकासाठी यांची गरज नाही.

गरज आहे ती आपण नेमका कोणता विमानतळ धरला हे लिहिण्याची. न्यूयॉर्कला जाणारे अनेक प्रवासी नेवार्कला उतरतात आणि तो केनेडी विमानतळापासून सुमारे ३३ किलोमीटर दूर आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसेच कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे आणि दोन्हीकडे विमानतळ आहे. गोव्यात दाबोळीबरोबर जानेवारी २०२३ पासून मोपा येथूनही विमाने उडतात आणि या दोहोंमध्ये सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे. जुन्या यादीत नुसते ‘गोवा’ असे लिहिलेल्या ओळी शोधून तेथे विमानतळाचे नाव आणि त्याचा तीन अक्षरी संकेत भरावा, आणि मगच ती यादी सूत्राला जोडावी.